तानाक्काचा रांजण

पाटणच्या अंगाला आमच्या गावी गेलो, की एखादा म्हातारा मला हमखास वाटेत थांबवतो. माझा हात हातात घेतो, बाही कोपराच्या वर सरकवतो, हात उलटासुलटा करून बघतो आणि विचारतो, "उतरला का रं समदा?"

"उतरला, तात्या."

"आन् पाठीवरचा?"

"पाठीवर नव्हताच."

तो मान हलवतो, पण त्याचा विश्वास बसलेला नसतो. गावातला पहिला बी.ए. म्हणून आपलं नाव मागं राहील असं मला एके काळी वाटायचं. राहिलं ते निळा बी.ए. म्हणून. ही कीर्ती जिनं मला मिळवून दिली ती निळीत कापड रंगवणारी तानाक्का निळारीण. तिच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ताकारी स्टेशनावर उतरून कृष्णेच्या काठानं दोनेक कोस चालत गेलं की ते लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून मला ओळखतात.

मी घराण्यातला पहिला शिकलेला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अक्षराची ओळख नव्हती. वसतिगृहातली भाकरी, एका गुरुजींनी दिलेली पुस्तकं, दुसऱ्यांनी दिलेला कोट, असा मी अनेकांच्या उपकारावर शिकलो. त्यामुळे पदवी हातात पडताच आपल्या हातून काहीतरी लोकोपयोगी घडलं पाहिजे, अशी एक तळमळ मला लागली. साताऱ्याला शाळेत नोकरी मिळाली आणि मी ठरवलं, की दर सुटीत हिंडायचं, आपल्या मुलखातले हस्तव्यवसाय नुसते बघायचे नाहीत तर स्वतःच्या हातानं करून पाहायचे, आणि मुलांसाठी त्यावर एक पुस्तक लिहायचं. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. माझ्याकडे उत्साहाचा साठा मात्र भरपूर होता.

हस्तव्यवसायांनी मला लवकर ओळखलं. कोयनेच्या खोऱ्यात एका धनगराच्या मागावर बसून मी घोंगडीची वीतभर पट्टी विणली. त्यानं ती कौतुकानं निरखली आणि माझ्यादेखतच उसवून टाकली. बुरुडाकडे टोपली वळायला बसलो, तर टोपली जमली, पण माझा डावा अंगठा तिच्यात विणला गेला आणि तो सोडवण्यासाठी टोपली मोडावी लागली. मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानात वाळत ठेवलेला भोपळा मी बसायचं आसन समजलो. त्यानं मला शिव्या दिल्या नाहीत. नुसतं "उठा" म्हणाला. पण त्या एका शब्दाला त्यानं जो सूर लावला, तो अजून माझ्या कानात आहे.

मग मी रंगाकडे वळलो. झाडपाला उकळायचा आणि त्यात कापड बुडवायचं. यात मोडण्यासारखं, उसवण्यासारखं काही नाही, असा माझा हिशेब. डाळिंबाच्या साली उकळून मी माझं धोतर रंगवलं. ते जागोजागी पिवळं आणि जागोजागी पांढरं झालं. तेच नेसून शाळेत गेलो, तेव्हा वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच कावीळ उतरवणाऱ्या वैदूचा पत्ता सांगितला. शेवटी आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना माझी दया आली. ते म्हणाले, "खरं रंगकाम बघायचं असेल तर तानाक्काकडे जा. पण जपून राहा."

"का? तापट आहे का?"

"तापट नाही हो. बोलते."

मे महिन्याच्या सुटीत मी तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. अंगणाच्या कोपऱ्यात एक छप्पर होतं, आणि छपराखाली गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक प्रचंड रांजण. त्याच्याजवळ उकिडवी बसून एक उंच, हाडापेराची म्हातारी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून काहीतरी चाचपत होती. वास असा होता, की मी दोन पावलं मागं सरकलो. शेणाचा, चुन्याचा आणि नासलेल्या आमटीचा एकत्र वास कल्पना करून पाहावा, आणि मग तो दुप्पट करावा.

"कोन तुमी?" तिनं मान न वळवता विचारलं.

त्या काळात मी स्वतःची ओळख एकाच पद्धतीनं करून द्यायचो. म्हणालो, "मी बी.ए. आहे."

"किती दिस झालं?"

"दोन वर्षं."

"मग आता काय बरं हुतंय," ती म्हणाली. "बसा."

हात बाहेर काढले तेव्हा ते मनगटापासून कोपरापर्यंत निळे होते. धुऊनही निळेच राहिले. पुढं कळलं, की ते आता जन्मभरासाठी निळे झाले होते. नखं तर काळी होऊन गेली होती. स्वतः मात्र ती कधी निळं नेसायची नाही. अंगावर कायम जुनं तांबडं लुगडं. "दिसभर त्येच बगायचं आन् पुन्यांदा आंगावर घ्यायचं? माजं काय डोकं फिरलंय?" तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावकी म्हणत होती, बाईमाणसानं रांजणाला हात लावायचा नसतो. तिनं भावकीला सांगितलं, "मग तुमी लावा." वासानं कुणी फिरकलं नाही, आणि रांजण तिचाच राहिला.

रांजणाला ती 'म्हातारा' म्हणायची. म्हातारा तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. तो कधी पुरा रिकामा करायचा नाही. जुन्या पाण्यावरच नवी नीळ, चुन्याची निवळी, गूळ आणि उकडलेल्या टाकळ्याच्या बिया घालून तो जिवंत ठेवायचा, दह्याला विरजण राखतात तसा. सकाळी ती बिया घेऊन यायची आणि म्हणायची, "उठा, न्याहारी आली." मग झाकण काढून, बोट बुडवून जिभेला लावायची आणि म्हाताऱ्याची तब्येत सांगायची. "आज खुशीत हाय." किंवा, "रातच्याला झोपला न्हाई वाटतं."

तिचा बढाईखोरपणा अमाप होता. तिच्या सासऱ्यानं रंगवलेला पटका नदीच्या पुरात वाहून गेला आणि पाऊस सरल्यावर खाली कर्नाटकात कुणाला तरी सापडला, तरी त्याचा रंग तसूभर हलला नव्हता. तिनं स्वतः रंगवलेली चंद्रकळा नेसलेल्या बाईला पोरगाच होतो. एकदा तर तिनं मला सांगितलं, की ही एवढी मोठी लढाई जुंपली तीच मुळी तिच्यासाठी. यात थोडं तथ्य होतं. लढाईच्या आधी जर्मनीचा पुडीतला रंग बाजारात आला आणि गावोगावच्या निळाऱ्यांनी आपापले रांजण बुजवून टाकले. लढाईत पुड्या बंद झाल्या. मग माणसांना तानाक्काची आठवण झाली. "साताऱ्यापासनं सांगलीपतुर जिता रांजण ह्यो येकच," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. मी तिच्यासमोर ते टिपूनही घेतलं होतं.

पण त्या वाक्याच्या पाठीमागून एक दुसरं वाक्य यायचं, आणि ते ती हलक्या आवाजात बोलायची. "धंदा बसला म्हून माजा मारुती लामावर ग्येला. त्यो ग्येला आन् गिऱ्हाइक आलं." मारुती तिचा एकुलता मुलगा. पलटणीबरोबर समुद्रापलीकडे होता. कुठल्या देशात ते तिला ठाऊक नव्हतं. "तकडं लय ऊन हाय म्हनं," एवढीच तिला बातमी. म्हाताऱ्याला ती एवढं जपायची ते मारुतीसाठी. तो आला की रांजण त्याच्या हवाली करायचा होता. त्याच्यासाठी एक पांढरा, कोरा पटका तिनं उतरंडीत राखून ठेवला होता. "त्यो यायच्या दिशी रंगवनार. वला पटका त्येच्या डोस्क्याला बांदनार. निळा वघळ कपाळावर आला पायजे."

मी देवळाच्या ओवरीत उतरलो होतो आणि दिवसभर तिच्या अंगणात असायचो. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "मास्तर, खोटं बोलाय येतं का?"

मी अभिमानानं सांगितलं, "नाही. मी सत्याचं व्रत घेतलेलं आहे."

ती काळजीत पडली. "मग ह्यो धंदा तुमाला कसा जमायचा?"

मला ती थट्टा वाटली.

तिनं मला कापड बुडवायला शिकवलं. कापड पाण्याखाली हळू फिरवायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, ओढून बाहेर काढायचं. बाहेर आलं की ते हिरवंगार दिसायचं, कच्च्या कैरीसारखं. मी पहिल्यांदा ओरडलोच, "आक्का, चुकलं! हिरवं झालं!" ती कापडाची दोन टोकं धरून वाऱ्यावर उभी राहिली. बघता बघता हिरव्यातून निळं उमलत गेलं, कडेपासून मध्यापर्यंत. "आत नुसतं भिजतंय," ती म्हणाली. "रंगतंय ह्यं हितं, वाऱ्यावर. धरून हुबं ऱ्हावं लागतं." नंतर मीही बुडवलं. माझ्या हातून निघालेला पंचा अंगणातल्या शेळीसारखा पांढरा-निळा बांडा झाला. पण माझे दोन्ही हात फार सुरेख, एकसारखे रंगले. घाम पुसताना आणि कान खाजवताना थोडा रंग कपाळाला आणि उजव्या कानालाही लागला. तो निघेना.

माझी सुटी संपत आली होती आणि म्हातारा बिघडला.

सकाळी झाकण काढलं तर वरचा तांबूस तवंग गेलेला. फेस नाही. वास, जो वाईट होता, तो निराळ्या तऱ्हेनं वाईट. तानाक्कानं बोट जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. चिंधी बुडवून पाहिली. ती राखेसारखी निघाली आणि वाऱ्यावर तशीच राहिली. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला होता, हवा गार पडली होती. शिवाय म्हाताऱ्याला ढवळण्याचं काम आदल्या संध्याकाळी माझ्याकडे होतं. मी चाचरत म्हणालो, "माझ्याकडून काही...?"

"छ्या," ती म्हणाली. "येवडी अक्कल तुमच्यात कुटली."

पण तिचा चेहरा उतरला होता. तिनं गूळ घातला, चुना घातला, कडेनं शेणकुटं पेटवून ऊब दिली. दुसऱ्या दिवशीही चिंधी राखेचीच. हा रांजण मेला असता तर विरजण आणायला दुसरा उरला नव्हता. मारुतीला काय दाखवायचं, एवढंच ती पुटपुटत होती. मग तिनं पदर खोचला आणि मला समोर बसवलं.

"मास्तर, आता येकच विलाज हाय. कंडी पिकवाय पायजे."

निळाऱ्यांमध्ये ही रीतच होती. रांजण नासला, औषधपाणी चाललं नाही, की निळाऱ्यानं एक अचाट खोटी बातमी उठवायची. ती बातमी जसजशी गावोगाव पसरत जाईल तसतसा रांजण सुधारत जातो. जितकी लांब जाईल तितकी नीळ गडद. तानाक्काच्या सासूनं एकदा बातमी उठवली होती, की आगगाडीचं इंजन कऱ्हाडला व्यालं. ती साताऱ्याच्या पलीकडे गेली, आणि त्या वर्षीसारखा रंग पुन्हा कधी चढला नाही म्हणत.

"गावातल्यास्नी सांगून उपेग न्हाई. ती हासत्यात. म्हनत्यात, आक्काचा रांजण नासला. भाईर ग्येलं पायजे. उद्या वाळव्याचा बाजार हाय. तुमी शिकल्यालं, तुमच्यावर मानसं इस्वास ठेवत्यात." मग तिनं खोट्याचे नियम सांगितले. खोट्यानं कुणाची चूल विझता कामा नये. त्यात माणसाचं नाव पाहिजे, गाव पाहिजे. आणि ते असं पाहिजे, की ऐकणाऱ्याच्या पोटात घरापर्यंत टिकू नये. "सांगा, कोयनेला पाटनच्या म्होरं नामू भोयाला मासा घावला. त्यो मासा मराठी बोलतो."

"पण आक्का, माझं व्रत..."

"तुमचं वरत म्होटं का म्हातारा?"

मी गेलो. वाळव्याच्या बाजारात सकाळभर फिरलो. बांगड्यांच्या दुकानापाशी दोनदा गेलो आणि परत आलो. शेवटी एका कांदेवाल्याला गाठलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "कोयना नदीत एक मासा सापडला असून तो मराठी बोलतो, असं काही लोकांचं म्हणणं आहे. अर्थात याची खात्री करून घेतली पाहिजे. मी स्वतः तो पाहिलेला नाही."

कांदेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "किती देऊ?" तो म्हणाला. मी कांदे घेऊन परत आलो.

तानाक्कानं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, ओठांच्या कडेला हसू दाबत होती. माझ्याकडे बराच वेळ, एखादं कापड रंग धरेल की नाही ते बघावं तशी, बघत राहिली. तिची नजर माझ्या कानावर थांबली. मग ती उठली आणि स्टेशनाकडे निघालेल्या गणपा गाडीवानाशी दोन शब्द बोलून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवरीपुढे सात-आठ अनोळखी माणसं उभी होती. एकानं नमस्कार केला आणि अदबीनं विचारलं, "त्ये रांजणात पडल्यालं बी.ए. तुमीच का?"

"मी पडलो नाही," मी म्हणालो. "कोण म्हणतं?"

"समदी म्हनत्यात. वरपासनं खालपतुर निळं झालं. साबनानं जाईना, रॉकेलानं जाईना."

"साफ खोटं आहे. हे पाहा, फक्त कोपरापर्यंत आहे." आणि मी बाह्या वर केल्या.

ही माझ्या आयुष्यातली सर्वांत परिणामकारक सभा. एक बाई "आगं आयाई" म्हणून मागं सरली. दुसऱ्यानं माझा कान पाहिला आणि शेजाऱ्याला दाखवला. मी जितकं खरं बोलत गेलो, तितकी ती बातमी पक्की होत गेली. संध्याकाळपर्यंत ताकारीच्या पलीकडून गाड्या आल्या. एका म्हातारीनं माझ्यापुढे नारळ ठेवला. तानाक्का येताजाता बघून जायची, आणि घरी जाऊन चिंधी बुडवायची. "जरा हलालाय," ती मला येऊन सांगायची. "आजून येक दिस कळ काडा."

तो एक दिवस सरला, आणि पुढच्या दिवशी आबा आले.

मी तानाक्काच्या अंगणात होतो. फाटकातून ते आत शिरले तेव्हा त्यांचं पागोटं डोक्यावर नव्हतं, काखेत होतं. पायात वहाणा नव्हत्या. कऱ्हाडच्या बाजारात त्यांना बातमी लागली होती, आणि ते तसेच स्टेशनावर गेले होते. ते सरळ पुढं आले, माझा सदरा वर केला, पाठ बघितली, पोट बघितलं. अंगठा जिभेला लावून माझ्या खांद्यावर घासला. अंगणात पंचवीसेक माणसं उभी होती. मी बी.ए. होतो, शिक्षक होतो, आणि भर लोकांत माझे वडील माझी बगल तपासत होते.

"न्हाई निळा," ते स्वतःशीच म्हणाले आणि मटकन खाली बसले.

तानाक्कानं गूळ-पाणी आणलं. ते पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "दादा, आवई मीच उटवली. माजा रांजण नासला हुता."

मला वाटलं आता आबा तिला फाडून खातील. त्यांनी तोंड पुसलं. रांजणाकडे बघितलं. शेजाऱ्याच्या दावणीचं जनावर आजारी असल्यावर शेतकरी जसा त्याला विचारतो, तसं विचारलं, "मग सुदारला का?"

तानाक्कानं चिंधी बुडवली आणि काढली. हिरवी. ती दोन्ही टोकं धरून उभी राहिली. सगळं अंगण बघत होतं. चिंधी कडेपासून निळी होत गेली, गडद झाली, इतकी, की तानाक्काच्या तोंडून शब्द फुटेना. आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मग झ्याक," आबा म्हणाले.

जाताना ते मला बाजूला घेऊन हळूच बोलले, "मी रस्त्यानं येकच इचार करत हुतो. म्हनलं, बी.ए. झाल्याव निळं हुत असत्याल का? कुनाला इचारावं?" मी म्हणालो, "आबा, गावात सगळ्यांना सांगा, हे खोटं आहे म्हणून." त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. "आन् तिचा रांजण पुन्यांदा नासला मंजी?" त्यांनी मरेपर्यंत त्या बातमीचा इन्कार केला नाही. म्हणून मी आमच्या गावात अजून निळा आहे.

त्यांना पोचवून परत आलो तेव्हा तानाक्का उंबऱ्यावर बसून होती. म्हणाली, "बाप हाय. खरं का खोटं ह्ये इचाराय थांबला न्हाई. पळत आला." आणि बराच वेळ तिनं कसलीही बढाई मारली नाही.

त्यानंतर मी दर सुटीत जायचो. पुस्तक लिहायचं केव्हाच राहून गेलं होतं. मी तिची टाकळ्याची बी पाखडून द्यायचो, आणि माझे पंचे बांडेच निघायचे.

एका दिवाळीच्या सुटीत ताकारीला उतरलो, तेव्हा गणपानं गाडी जुंपता जुंपता खाली बघत सांगितलं, "मास्तर, आक्काचा मारुती घावत न्हाई म्हनं. शेजारच्या गावचा शिपाई सुटीवर आलाय. त्यो बाजारात बोलला. लढाईत ग्येला त्यो ग्येलाच. समद्या गावात झालंय." सरकारकडून काही आलं नव्हतं. नुसती बातमी होती, तोंडातोंडी आलेली. गाडीत न बसता मी चालत निघालो, म्हणजे पोचायला उशीर होईल.

तानाक्का रांजणापाशीच होती. "आलासा? बरं झालं," म्हणाली. आबांची चौकशी केली. माझ्या शाळेची केली. मी उत्तरं देत होतो. ती काठीनं कडेकडेनं म्हाताऱ्याला ढवळत होती, आणि न थांबता म्हणाली, "मास्तर, मारुतीची आवई उटलीया. ऐकली आसंल."

"ऐकली, आक्का."

"तुमचा बाप पळत आला हुता," ती म्हणाली. "मी कुटं पळू?"

काठी फिरत राहिली.

"कुनाचा तरी रांजण नासला असंल," ती म्हणाली. "म्हून उटवली आसंल. तुमी हिंडतासा. मिरजंकडं, सांगलीकडं. कुनाचा नासल्याचं काय ऐकलंय का?"

आता ती माझ्याकडे बघत होती. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिता रांजण एकच, हे तिनंच मला शेकडो वेळा सांगितलं होतं. ते तिला माहीत होतं. मला माहीत आहे, हेही तिला माहीत होतं.

"ऐकलंय," मी म्हणालो. "मिरजेच्या पलीकडे, म्हैसाळच्या अंगाला. बसाप्पा म्हणून एक निळारी आहे. त्याचा रांजण श्रावणापासून नासलाय. फार हैराण आहे बिचारा. म्हैस विकायला काढलीय म्हणे."

"म्हस कशी हाय?"

"काळी. एक शिंग मोडकं."

"कंचं?"

"डावं," मी म्हणालो. "माडग्याळच्या बाजारात गाडीखाली सापडलं होतं. पण दूध चांगलं देते. दोन्ही वेळचं घरी पुरून उरतं. त्याची बायको ती विकू देत नाही, म्हणून तर त्यानं एवढी लांबची आवई उठवली."

काठी थांबली. तानाक्कानं ती रांजणाच्या काठाला टेकवली. तिचे डोळे भरले होते, आणि ओठ मात्र, वाळव्याहून मी कांदे घेऊन आलो त्या दिवसासारखे, हसायच्या बेतात होते. इतकी वर्षं ती मला 'तुमी' म्हणत आली होती.

"शिकलास रं," ती म्हणाली.

पुढचं सांगून टाकतो. मारुती आला नाही. लढाई संपली, पलटणी परतल्या, पुड्यांचा रंग परत आला आणि गिऱ्हाईक पुन्हा आटलं. रंगवायला काही नसताना तानाक्का रोज सकाळी म्हाताऱ्याला न्याहारी घालत राहिली. एका पावसाळ्यात ती गेली. मी तेव्हा साताऱ्याला होतो. गणपाकडून मला उशिरा कळलं. तोपर्यंत भावकीनं रांजण मातीनं भरून वर पडवी काढली होती. बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की म्हातारा नासला असेल, तिनंच ही आवई उठवली असेल. म्हणून मी ती बातमी भेटेल त्याला सांगत सुटलो. आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं, माझी कुणी जवळची नातेवाईक गेली.

पण मला ती दिसते ती त्या दिवाळीतली. मी निघालो तेव्हा तिनं उतरंड उतरवली, मारुतीचा कोरा पटका काढला आणि म्हाताऱ्यात बुडवला. नदीकडच्या बांधावर पोचलो, तर पाठीमागून तिची हाक आली.

"मास्तर! त्या बसाप्पाला सांग, त्येचा रांजण सुदारला की मला कळवाय!"

"सांगतो, आक्का!"

मी वळून पाहिलं. पटका बाहेर आला होता. दोन्ही टोकं धरून ती अंगणात वाऱ्यावर उभी होती. तो अजून हिरवाच होता.